गच्चीवरची वीज : पंचवीस वर्षांचा व्यवहार

व्यापारी घरात कोणताही माल घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जातात : माल कसा, भाव काय आणि देणारा कोण. गच्चीवर सौरसंच बसवताना मात्र पुष्कळ घरे पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबतात. अमुक बनावटीचे पॅनेल, किलोवॅटला तमुक भाव, एवढ्यावर सौदा ठरतो. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी सर्वसाधारणपणे २५ वर्षांची असते. तेवढ्या काळात घरात लग्ने होतात, भावाभावांत वाटण्या होतात, शेजारी मजले चढतात, वीजबिलावरचे नावही बदलते. म्हणून पॅनेलची निवड हा या व्यवहारातील शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. त्याआधी बिल, सावली आणि गच्चीचा हक्क या तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि नुकसान होते ते बहुधा याच तिन्हींत.

‘प्रधानमंत्री सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतांवर सौरसंच बसवण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान मिळते. म्हणजे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी अनुदान वाढत नाही. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये आहेत. शिवाय सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधी घेतलेले जुने दरपत्रक कोणी पुढे करत असेल, तर ते परत करून नवे मागवावे.

हिशेबाची सुरुवात मागील बारा महिन्यांच्या बिलांपासून करावी. एक-दोन बिलांवरून अंदाज बांधू नये, कारण वैशाखातील वातानुकूलन यंत्राचे बिल आणि मार्गशीर्षातील बिल यांत एकाच घरात दुपटीचा फरक पडू शकतो. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा, नीट बसवलेला आणि सावलीमुक्त संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. वर्षाचे साधारण १,४०० युनिट होतात. महिन्याला सरासरी ३६० युनिट लागणाऱ्या घराची वार्षिक गरज ४,३२० युनिट. तीन किलोवॅटचा संच ती जवळजवळ भागवतो.

परंतु तिन्ही किलोवॅटचे मोल सारखे नसते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी जास्त. सौरवीज प्रथम बिलाचा वरचा, महाग भाग खाते. पहिल्या किलोवॅटने महिन्याला सुमारे १२० युनिट वाचतात, ते सर्वांत चढ्या टप्प्यांतले. तिसऱ्या किलोवॅटने वाचतात ते मुख्यतः तळाच्या, स्वस्त टप्प्यातले. शिवाय त्यावर अनुदानही कमी. म्हणून ‘बसवायचाच तर मोठा बसवा’ हा विक्रेत्याचा आग्रह घराच्या हिताचा असेलच असे नाही. दोन किलोवॅटवर थांबणाऱ्या घराला रुपयामागे अधिक परतावा मिळतो, तीन किलोवॅटच्या घराला एकूण बचत अधिक मिळते. भांडवल किती अडकवायचे, यावर निवड ठरावी. स्थिर आकार मात्र कोणत्याही संचाने जात नाही. ‘शून्य बिल’ हा शब्द जाहिरातीत शोभतो, बिलावर दिसत नाही.

एक उदाहरण मांडून पाहता येते. समजा, तीन किलोवॅटचा संच १,८०,००० रुपयांना ठरला आणि अनुदान वजा जाता घरातून १,०२,००० रुपये गेले. समजा, महिन्याच्या ३,५०० रुपयांच्या बिलापैकी ३,००० रुपये वाचले. वर्षाचे ३६,००० झाले, आणि मुद्दल तीन वर्षांच्या आत सुटले. ही बचत उत्पन्नात मोजली जात नाही, त्यामुळे मुदत ठेवीच्या व्याजाप्रमाणे तिच्यावर आयकरही लागत नाही. आकडा मोहक आहे, पण त्यात दोन वजावटी धरल्याच पाहिजेत. पॅनेलची शक्ती पहिल्या वर्षी दोनेक टक्के आणि पुढे दरवर्षी सुमारे अर्धा टक्का घटते. आणि इन्व्हर्टर बहुधा पंचवीस वर्षे टिकत नाही, दहा-बारा वर्षांनी तो एकदा बदलावा लागेल असे धरूनच चालावे.

जास्तीची वीज विकून कमाई होते, हा समज फार पसरला आहे. नेट मीटर दिवसा ग्रीडमध्ये गेलेले युनिट आणि रात्री ग्रीडमधून घेतलेले युनिट यांची वजाबाकी करतो. उरलेले युनिट पुढील महिन्यात जमा राहतात. पण महाराष्ट्रात ही खतावणी ३१ मार्चला बंद होते. शिल्लक युनिट वीज कंपनी अल्प दराने घेते आणि १ एप्रिलला खाते शून्यापासून सुरू होते. यात एक अडचण दडलेली आहे. हिवाळ्यात ऊन स्वच्छ असते, पंखे बंद असतात, त्यामुळे दिवाळीनंतर शिल्लक साचत जाते. आणि जेव्हा तिची खरी गरज पडणार, त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच ती निकाली निघते. उलट आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असताना उत्पादन सर्वांत कमी होते आणि मागील हिवाळ्याची पुंजी हाताशी नसते. गरजेपेक्षा मोठा संच बसवणाऱ्याची जादा वीज अशी मातीमोल जाते.

येथे जैन घरांच्या दिनक्रमाचा एक लाभ नोंदवण्याजोगा आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकाचा सारा भार उन्हाच्या वेळेत येतो. तपश्चर्येच्या दिवसांत पाणी उकळून ठेवण्याचे कामही सकाळचेच. अशा घरात गॅससोबत विजेची शेगडी ठेवली, पाण्याचा पंप आणि धुलाई यंत्र अकरा ते तीनच्या दरम्यान चालवले, तर सौरवीज मीटरपर्यंत जाण्यापूर्वीच घरात खर्ची पडते. आज नेट मीटरमुळे दिवसा वापरले काय आणि रात्री वापरले काय, बिलात फारसा फरक दिसणार नाही. पण नेट मीटरचे नियम पुढील पंचवीस वर्षे आहेत तसेच राहतील, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. दिवसा घरातच वापरलेले युनिट कोणत्याही नियमाखाली पूर्ण किमतीचे राहते.

बार्शी, लातूर, जालना, मालेगाव अशा जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर घर ही रचना आजही सर्रास आढळते. तेथे पहिला मोह असा होतो की घराच्या नावाने अनुदान घ्यावे आणि वीज दुकानाला जोडावी, कारण व्यापारी दर घरगुती दरापेक्षा चढा. हा मार्ग टाळावा. घरगुती जोडणीची वीज व्यापारासाठी वापरणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. दुकानाच्या मीटरवर स्वतंत्र संच बसवता येतो. त्यास अनुदान नाही. परंतु व्यवसायाची मालमत्ता म्हणून आयकरात सौरसंचावर ४० टक्के दराने घसारा मिळत आला आहे आणि भरलेल्या वस्तू व सेवा कराचे क्रेडिटही विचारात घेता येते. आपल्या सनदी लेखापालाकडून दोन्ही बाजूंचा ताळा करून घेतल्यास पुष्कळदा असे दिसते की गच्चीवरील मर्यादित जागा आधी दुकानाच्या संचाला देणे अधिक किफायतीचे आहे. स्थानक, उपाश्रय, धर्मशाळा यांच्या न्यासाच्या नावावरील जोडण्यांनाही हे घरगुती अनुदान लागू नाही, हे विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे.

आता गच्चीच्या हक्काविषयी. एकत्र कुटुंबांत हाच विषय सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अनेक घरांचे वीजबिल आजही आजोबांच्या नावाने येते. ते दिवंगत होऊन वीस वर्षे झालेली असतात, पण बिल वेळेवर भरले जाते म्हणून कोणाला त्यात वावगे वाटत नाही. अनुदानाच्या अर्जात मात्र ग्राहक क्रमांकावरील नाव, अर्जदाराचे नाव आणि बँक खात्यावरील नाव जुळावे लागते. नाव बदलायचे म्हटले की मालकी हक्काचा कागद लागतो, इतर वारसांची संमती लागते, आणि जो प्रश्न घरात कधी निघाला नव्हता तो गच्चीवरून खाली उतरतो : बिलावर नाव कोणाचे चढवायचे?

तीन भाऊ, तीन चुली, तीन मीटर आणि एक गच्ची, असे घर घ्यावे. धाकट्याने उत्साहाने दक्षिणेकडील सर्व मोकळी जागा व्यापून स्वतःच्या मीटरवर संच बसवला. दोन वर्षांनी मधल्याला बसवायचा झाला, तर त्याच्या वाट्याला जिन्याच्या खोलीच्या सावलीतला कोपरा उरतो. थोरल्याला वर खोली बांधायची असेल, तर संच काढून पुन्हा बसवण्याचा खर्च कोणी करायचा? उद्या घर विकायचे ठरले, तर संच गच्चीबरोबर जाणार की बसवणाऱ्याबरोबर? भाऊ एकमेकांवर जीव टाकणारे असले तरी हे प्रश्न आज ना उद्या येतात, आणि त्यांची उत्तरे पुढच्या पिढीला द्यावी लागतात. तिला मूळ बोलणे ठाऊक नसते.

म्हणून ठेकेदाराला बोलावण्यापूर्वी घरातल्या घरात बैठक व्हावी. गच्चीचा सावलीमुक्त भाग मोजून त्याचे वाटे ठरवावेत. आज बसवणार नसलेल्याचा वाटाही राखून ठेवावा. सर्व सहमालकांच्या सह्यांचे संमतिपत्र करावे. त्यात कोणत्या मीटरला किती किलोवॅट जोडायचे, पुढे बांधकाम किंवा वाटणी झाल्यास संच हलवण्याचा खर्च कोणाचा आणि घर विकल्यास संचाची किंमत कशी धरायची, एवढे स्पष्ट असावे. बहिणींचा हक्क असेल तर त्यांची सहीही घ्यावी. ती सहसा विसरली जाते. ज्या घरात आईचे शब्द अजून प्रमाण आहेत, तेथे हे काम तिच्या हयातीत उरकलेले बरे.

सावलीचे शास्त्र समजण्यास सोपे आणि विसरण्यास त्याहून सोपे आहे. पॅनेलमधील सौरघट एकामागोमाग एक जोडलेले असतात. नळी एका जागी चिमटली की सारा प्रवाह मंदावतो. त्याचप्रमाणे एका कोपऱ्यावरची सावली तेवढ्यापुरती न राहता पॅनेलच्या मोठ्या भागाची वीज खाली आणते. पाहणी बहुधा उन्हाळ्यात होते. मे महिन्याच्या मध्यास महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि पायाखालची सावलीही नाहीशी होते. तेव्हा गच्ची चारी बाजूंनी मोकळी भासते. डिसेंबरात हाच सूर्य दक्षिणेकडे कलतो. बार्शीच्या अक्षांशावर तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. सहा फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे पाच फुटांहून अधिक पडते, आणि चारच्या सुमारास ती दुपटीहून जास्त लांबते. म्हणून टाकी, जिन्याची खोली, कठडा, अँटेना यांच्या दक्षिणेला पॅनेल असावीत, उत्तरेला नसावीत. दक्षिण बाजूला शेजाऱ्याचा मोकळा भूखंड असेल, तर तेथे उद्या चार मजले उभे राहतील असे समजूनच आखणी करावी. सावली टाळणे अशक्य असेल तेथे प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर बसवता येतो. तो महाग पडतो, पण एका पॅनेलच्या सावलीचा फटका दुसऱ्याला बसू देत नाही.

एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. महाराष्ट्रात पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण १५ ते २० अंशांचा असावा. त्या कलामुळे पावसात धूळही वाहून जाते. जमिनीलगतचा सांगाडा स्वस्त पडतो, पण त्याने गच्ची कायमची अडते. पापड, कुरडया, मिरच्या आणि वर्षाचे धान्य वाळवणाऱ्या घराने सात-आठ फूट उंचीचा सांगाडा घ्यावा आणि थोडा जास्त खर्च सोसावा. मात्र उंची वाढली की वाऱ्याचा जोरही वाढतो. वळिवाच्या वादळात पॅनेलवर येणारा ताण वजनाचा नसून उचलण्याचा असतो, म्हणून खांबांची पकड, जाडी आणि जस्तलेपन ही दरपत्रकात लिहून घ्यावीत. स्लॅबला भोके पाडली तर जलरोधक थर फुटतो आणि दोन पावसाळ्यांनी खालच्या खोलीत ओल दिसते. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभारणे अधिक सुरक्षित. मातीच्या धाब्यावर किंवा जीर्ण पत्र्यावर संच बसवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा लेखी अभिप्राय आवश्यक आहे.

कबुतरांचा प्रश्न दरपत्रकात नसतो. पॅनेलखाली सावली असते, आडोसा असतो, आणि ज्या गच्चीवर रोज ज्वारी-बाजरी टाकली जाते तेथे कबुतरे आधीच येत असतात. एकदा घरटे झाले, अंडी घातली गेली, की जीवदया पाळणाऱ्या घराचे हात बांधले जातात. विष्ठेने पॅनेल डागाळते आणि वीज घटते, पण घरटे तर हलवता येत नाही. यावर उपाय एकच, आणि तो वेळेआधीचा : संच बसवतानाच, पॅनेलच्या चारी कडांना गंज न धरणारी बारीक जाळी लावून घ्यावी. जाळी बंद करण्यापूर्वी आत एखादा जीव अडकलेला नाही, हे स्वतः वाकून पाहावे. काटेरी पट्ट्या बसवू नयेत. धान्याची जागा पॅनेलपासून दूर न्यावी.

पावसाळ्यात संचाखालच्या भागाला ऊन लागत नाही, त्यामुळे तेथे ओल टिकते आणि शेवाळ धरते. चातुर्मासात शेवाळावर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या घरांनी ज्येष्ठ संपण्यापूर्वीच गच्चीचा उतार आणि पन्हळी साफ कराव्यात, म्हणजे पाणी साचणार नाही. धुळीच्या दिवसांत पॅनेल दोन-तीन आठवड्यांनी पुसावीत. सूर्योदयानंतर, काच तापण्यापूर्वीची वेळ उत्तम. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. बादलीभर गाळलेले पाणी आणि मऊ पोछा पुरतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग काचेवर घट्ट बसतात, ते वापरू नये.

पॅनेलच्या प्रकारांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. बाजारात आज मोनो पर्क आणि टॉपकॉन हे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. उष्णतेने पॅनेलची शक्ती घटते आणि टॉपकॉनमध्ये ही घट थोडी कमी असते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. भाव फार वेगळा नसेल तर टॉपकॉन घ्यावे. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या पॅनेलचा लाभ उंच सांगाड्यावर आणि पांढऱ्या रंगाच्या गच्चीवर अधिक होतो. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौरघट दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, आणि असा माल थोडा महाग असतो. स्वस्त दरपत्रकात नेमके हेच लपलेले असते, म्हणून प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि माल गच्चीवर चढण्यापूर्वी तो जुळवून पाहावा.

अनेकांची निराशा होते ती पहिल्या भारनियमनाच्या दिवशी. ग्रीडला जोडलेला साधा संच वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद पडतो, मग ऊन कितीही कडक असो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे. अंधारातही चालणारा संच हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याने खर्च बराच वाढतो, आणि बॅटरीचे आयुष्य पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी असते. जेथे रोज तासाभराहून अधिक वीज जात नाही, तेथे घरातील जुना इन्व्हर्टर तसाच ठेवावा.

ठेकेदार योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा. त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या एखाद्या घरी जाऊन चौकशी करावी, कारण नव्या संचाची सर्वच जण स्तुती करतात. योजनेनुसार पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे. ती करारात लिहून घ्यावी. पॅनेलकडील बाजू, घराकडील बाजू आणि तडितरक्षक यांचे अर्थिंग वेगवेगळे असावे. तीन खड्ड्यांऐवजी एकावर भागवणाऱ्यापासून सावध राहावे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही, तेव्हा ‘मंजुरीसाठी वरचा खर्च’ मागणाऱ्याला नकार द्यावा. अनुदान संच सुरू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात थेट येते, ठेकेदाराकडे जात नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसून तो उलट-सुलट दोन्ही आकडे दाखवू लागल्यावरच द्यावा.

त्यानंतर इन्व्हर्टरवरचा आणि नेट मीटरवरचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला एका वहीत टिपावा. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्याचा आकडा दहा टक्क्यांहून अधिक घसरलेला दिसला, तर आधी पॅनेलची काच पाहावी, मग शेजारचे नवे बांधकाम, आणि दोन्हींत काही न आढळल्यास ती वही घेऊन ठेकेदाराला बोलवावे.